खऱ्या रकान्यातली रेघ

मी, आर्लो हर्मन टिमरमन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा नळदुरुस्ती (आता निवृत्त), राहणार बेकर्स लँडिंग, आयोवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे कुरकुरते, पण मृत्युपत्राला ते लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगी जोनेल शेजारच्या खोलीतून "बाबा, गोळी घेतलीत का?" असे ओरडते आहे, तो दबाव धरू नये. यापूर्वी मी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. नदीकाठचे राहते घर, सामानसुमानासह, आणि बँकेत जे काही उरेल ते जोनेलला द्यावे. माझी पत्नी कै. वर्ला हिने लावलेले सफरचंदाचे झाड तिने तोडू नये. फळे आंबट आहेत, मान्य. साखरेत शिजवावीत, आईसारखी.

२. नळ आवळायचे पाने, पाइप कापायची हत्यारे आणि शिडी, गावात पुढे जो कोणी नळाचे काम करील त्याला फुकट द्यावीत. मोठा पाना वाकडा दिसतो, पण चालतो.

३. १९५८ सालच्या त्या सामन्यातील पंचांना मी काहीही देत नाही. ते वारले आहेत, तरी नोंद असावी. मी बाद नव्हतो.

४. माझा मित्र डेल्मर बॉम याच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. गावातल्या बटण कारखान्याच्या बेसबॉल संघात मी फटके मारायचो आणि डेल्मर तिसऱ्या बेसपाशी उभा राहून धावणाऱ्याला 'थांब' की 'पळ' ते हाताने सांगायचा. १९५८ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या व्यावसायिक संघाचा माणूस माझा खेळ पाहून गेला, पुढच्या वसंतात आमच्याकडे खेळायला ये म्हणाला. त्याच आठवड्यात डेल्मरने 'पळ' म्हणून हात फिरवला. मी होमकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसकडे, झेपावलो, तिथे उभ्या असलेल्या धिप्पाड गड्यावर आदळलो आणि डावा पाय मोडला; वर पंचांनी बाद दिले. वसंत आला तेव्हा मी कुबड्यांवर होतो. पुन्हा बोलावणे आले नाही.

डेल्मरने स्वतःला कधी माफ केले नाही. मी त्याला कितीदा सांगितले, "अरे बाबा, तू हात खिशात घालून उभा असतास तरी मी पळालोच असतो!" ते त्याला पटले नाही. मग त्याने फाशांचा बेसबॉल मांडला. यात प्रत्येक खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून त्याचे कार्ड केलेले असते. फासे टाकायचे आणि कार्ड सांगेल ते घडले असे धरायचे. दर हिवाळ्यात डेल्मर तळघरात त्या मोठ्या संघाचा अख्खा हंगाम खेळतो. फक्त संघात एक गडी जास्त घालतो, तो मी. पाय धड असलेला.

बर्फ वितळले की तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन कागद पसरतो. एका रकान्यात खरे निकाल, दुसऱ्यात फाशांचे. खऱ्यात संघ तळाला, फाशांत अजिंक्य. "आर्लो, यंदा तू एकतीस होमरन मारलेस!" म्हणताना (होमरन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर) त्याचे डोळे भरून येतात. वर्ला कॉफी ओतता ओतता म्हणायची, "एकतीस! आणि घरचा नळ महिनाभर ठिबकतोय."

माझ्या नावापुढे खऱ्या रकान्यात तो दरवर्षी एक आडवी रेघ ओढतो. म्हणजे काही नाही.

आता खरे सांगतो. डेल्मरने माझे कार्ड मायेने केले आहे. वळणाऱ्या चेंडूवर त्यात त्याने माझ्या नावे मोठमोठे फटके लिहिले आहेत. अरे देवा! वळणारा चेंडू मला जन्मात कळला नाही. आपल्याच गावचे लोक ओरडायचे, "आर्लो, चेंडू गेला, आता फिरव बॅट!" मोठ्या संघाने मला जुलैच्या आत घरी पाठवले असते. हे डेल्मरलाही ठाऊक आहे. पण तो माझे ऐकत नाही, फाशांचे ऐकतो.

म्हणून माझे खरे कार्ड मी स्वतः लिहून सोबत ठेवले आहे. ते आणि माझी मासेमारीची होडी डेल्मरला द्यावी. अट एकच. होडी पाण्यात घालण्याआधी त्याने या कार्डाने माझा पहिला, म्हणजे १९५९ चा, हंगाम खेळावा. जोनेलने समोर बसावे, म्हणजे तो लबाडी करणार नाही.

मग डेल्मर, कागद पसर, आणि त्या रेघेच्या जागी लिही. पाय मोडला म्हणून दवाखान्यात गेलो. तिथली परिचारिका म्हणाली, "एवढा दांडगा माणूस आणि सुई बघून डोळे मिटतोस?" ती वर्ला. पुढे जोनेल झाली. गावातल्या निम्म्या घरांत मी जोडलेल्या नळांतून पाणी येते, आणि दर वसंतात एक वेडा मित्र माझ्या दारात येतो. तुझ्या एकाही हंगामात वर्ला नाही रे. मी शोधली. एकतीस होमरन मारून मी हॉटेलात एकटाच जेवतो आहे.

'पळ' म्हणणाऱ्या त्या हाताला मी माफ करत नाही, कारण माफ करण्यासारखे त्यात काही नव्हते. मी त्या हाताचा आभारी आहे. खऱ्या रकान्यात सगळ्यात वर तोच लिही.

५. साक्षीदार म्हणून सही करायला डेल्मर हटून बसला होता. ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "मला काय मिळणार आहे?"

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

(सही) आर्लो एच. टिमरमन
साक्षीदार: १. मर्लिन स्ट्रूब, ग्रंथपाल २. रॉजर हेस, न्हावी
बेकर्स लँडिंग, ता. ९ एप्रिल २००५