फ्लेक, क्रील आणि एमॉसच्या डोक्यावरची झालर

प्रिय डॉर्कसताई,

धाकट्या एनॉकचा नमस्कार. कॅनडाच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझे इथे यॉर्कशायरच्या ओलाव्यात कुरकुरतात, पण चॅपलची टेकडी अजून चढतात (उतरताना मात्र आपल्या मर्जीने चालतात). चहा गोड लागतो, तेव्हा तब्येत बरी म्हणायची.

आपल्या गावच्या शाळेत मिस थॉर्नबर म्हणून नवी बाई आली आहे. लंडनकडची, पण माणूस चांगलं. एकदा माझ्याकडे चहाला आली नि छताकडे बघून म्हणाली, "काका, हे काय टांगलंय?" म्हटलं, "क्रील." कपडे वाळत घालायची क्रील, दोर ओढला की वर जाते, सोडला की खाली येते, यात न कळण्यासारखं काय आहे? पण तिला क्रील ठाऊक नव्हती. आईची ओटच्या पोळ्या टांगायची चौकट, म्हणजे फ्लेक, तीही ठाऊक नव्हती. (पोळ्या वाळून चामड्यासारख्या झाल्या की तू स्टुलावर चढून चोरायचीस आणि मार मी खायचो.) झालं! बाईंनी जाहीर करून टाकलं: गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये एनॉककाकांचं भाषण, 'टांगत्या वस्तू आणि त्यांचे जुने शब्द'. आठवडाभर माझा जीव टांगणीला लागला होता.

मी सगळं सामान नेलं. क्रील हॉलच्या तुळईला स्वतः बांधली, वर आईच्या पलंगाची झालर, म्हणजे व्हॅलन्स, पसरली. फ्लेक खुंटीला. पलंगावरचं छत, टेस्टर, भिंतीला टेकवून ठेवलं. चांगली गर्दी जमली, कारण चहाबरोबर पार्किन केक होता. मी टेंटरपासून, म्हणजे कापड ताणायच्या चौकटीपासून सुरुवात केली. बाबा गिरणीमागच्या माळावर ओलं कापड आकड्यांवर ताणून लावायचे, वारा सुटला की अख्खा माळ शिडासारखा फडफडायचा, ते सांगितलं. फ्लेकपाशी आलो तेव्हा मागून म्हातारी एडना म्हणाली, "आमची चुलीपाशी असायची रे, खाली उभं राहिलं की पीठ डोक्यात पडायचं." आणि ताई, सगळ्या बायका वर बघायला लागल्या, जणू पोळ्या टांगल्याच आहेत. मी पुढची वस्तू हातात घेतली.

तेवढ्यात क्रील पडली. थेट पहिल्या रांगेत, लहानपणी तुझ्या मागे-मागे फिरणाऱ्या एमॉस सटक्लिफवर. तो माझं भाषण सुरू होताच झोपला होता. लाकडं दोन्ही बाजूंना गेली, देवाची कृपा, पण आईची झालर त्याच्या डोक्यावरून गुडघ्यांपर्यंत उतरली. आतून तो ओरडला, "अरे, दिवे कोणी घालवले?" एडना म्हणाली, "गप बस, नव्या नवरीसारखा शोभतोयस." लोक इतके हसले, की मिस थॉर्नबरच्या हातातला केक खाली पडला. भाषण तिथेच संपलं. सगळे म्हणतात, असं भाषण चॅपलमध्ये आजवर झालं नाही. मी सगळे शब्द जाणणारा शेवटचा माणूस आहे, असंही म्हणतात. मी नाही म्हटलं नाही.

तुझा,
एनॉक

ता. क. क्रील पडली तेव्हा माझ्या हातात आईच्या चुलीवरचं ते लोखंड होतं, दाते असलेलं, ज्याला भांडं अडकवून वरखाली करायचे. ताई, त्याचं नाव मला आठवेना. रोज जेवणाआधी ऐकलेला शब्द! मी तोंड उघडून उभा होतो, आणि वरून देवाने लाज राखली. एडना एक नाव सांगते, पोस्टमन दुसरं, पण आई म्हणायची ते यातलं नव्हे. आता मिस थॉर्नबरला उरलेलं भाषण हवंय. तू मोठी, तुला आठवत असेल.

ता. क. दुसरा. पण तो शब्द लिहून पाठवू नकोस. आई तो कसा म्हणायची ते कागदावर येत नाही. वसंतात बोटीने ये. तुझी खोली झाडून ठेवतो. एमॉस म्हणतो, स्टेशनवर मोटार घेऊन येईन. (मी विचारलं नव्हतं.)