साळूबाईचा भाता

औरंगपुरा, औरंगाबाद
१४ फेब्रुवारी १९८३

चि. कडूबास आशीर्वाद. वि. वि.

पत्राचं कारण एकच. तू पाचोडहून पाठवलेल्या सात तलवारींपैकी दोन काल आखाड्यात सराव चालू असताना तुटल्या. एकीचं पातं काकासाहेब वस्तादांच्या कानाजवळून गेलं. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली. तुकडे माझ्यापुढं ठेवून ते एवढंच म्हणाले, की तुमच्या वडिलांच्या तलवारीवर मी तीस वर्षं हात फिरवला, ही त्या भट्टीची वाटत नाही. उरलेल्या पाच मी परत आणवल्या आहेत.

तुकडे खिडकीत नेऊन पाहिले. मोडलेल्या जागी पोलाद जाड साखरेसारखं चमकतं आहे. आबा सांगत, पातं मोडलंच तर आत राखेसारखं बारीक दिसावं. साखर दिसली, तर पाणी देताना, तेलात बुडवण्याआधी, ते जास्त तापलं. मी कॉलेजात गेले म्हणून हे विसरलेले नाही. चूक कुठं झाली ते कळेपर्यंत एकही पातं भट्टीबाहेर जाता कामा नये. पुढच्या वेळी ते कानाजवळून जाईलच असं नाही.

साळूबाईस आशीर्वाद. माझी माया या पत्रानं कमी झाली असं समजू नकोस, वाढलीही नाही.

तुझी
अनसूया

पाचोड
२० फेब्रुवारी

ती. आक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या बद्रीनाथनं वाचून दाखवलं, हेबी तोच लिहून देतोय. मला कामातून सवड नाय. चूक पोलादाची हाय. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात आता पहिल्यावाणी जीव ऱ्हायला नाय. चाळीस वर्षं तलवारीला पाणी देतोय मी. तू इतिहास शिकवला, भट्टी नाय. घण उचलायची वेळ आली की तुझी परीक्षा यायची, ते मला चांगलं ध्यानात हाय.

आपली साळूबाई दीड महिना फर्दापूरला लेकीचं बाळंतपण करून परवा आली. नातू लई गुणी. तुझ्यावाणी कपाळाला आठ्या घालून बघतो. पाची तलवारी धाडून दे. राग आला तरी माया सोडू नको.

तुझा
कडूबा

ता. क. बाई, हे मी बद्रीनाथ माझ्या मनानं लिहितो. साळूकाकू भाकरी थापता थापता म्हणाली, की मी असते तर भाता वेळेवर थांबवला असता. अन् काका तुमचं पत्र नाकाला लावून बघत होते, मग माझ्याकडं दिलं.

औरंगपुरा
२५ फेब्रुवारी

चि. कडूबास आशीर्वाद.

बद्रीनाथ, हे पत्र मोठ्यानं वाच आणि मध्ये थांबू नकोस.

कडूबा, तुला दिसत नाही. डोळ्यात मोतीबिंदू असला की पिवळं तापलेलं पातं लालच दिसतं, आणि माणूस आणखी तापवत राहतो. डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. मग गेली दोन वर्षं तलवारी चांगल्या कशा निघाल्या? पौषात भात्यावर कोण होतं, ते आठव.

साळूबाई रंग बघून भाता थांबवते. वारा बंद झाला, की तू पातं उचलतोस आणि आपणच रंग ओळखला असं समजतोस. ती बोलली नाही, कारण तुझा स्वभाव तिला माहीत आहे. मलाही आहे, म्हणून मी बोलते.

तीन मार्चला ऑपरेशन ठरवलं आहे. दोघंही दोन तारखेच्या पहिल्या एस.टी.नं या. भट्टी विझवून या. डोळा गेला तर भट्टीही जाईल, आणि आबांचं नावही. भीती वाटत असेल तर वाटू दे. मी बाहेर बाकावर बसलेली असेन.

अनसूया

पाचोड
२ मे

ती. आक्कास नमस्कार.

हे पत्र माझ्या हातचं हाय. अक्षराला नावं ठेवू नको. जाड भिंगाचा चष्मा लावला की ऐरण म्हशीएवढी दिसती. पर रंग समदे बदलले. आग निळसर दिसती. चाळीस वर्षांची वळख मोडली. पहिलं पातं तापवलं अन् हात थांबला. उचलू का नको, कळंना. साळूबाईकडं बघितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत व्हती. म्हणली, आता तरी विचारा.

विचारलं.

पौषात साळूबाईच्या जागी गावातला पुंजाराम व्हता भात्यावर. त्याला थांब म्हणल्याशिवाय तो थांबतच नाय. तुझं खरं निघालं. लई कडू वाटलं, दोन दिस जेवलो नाय. मंग जेवलो.

पाची तलवारींना तिच्या सांगण्यावरून पुन्हा पाणी दिलंय. आता एक विचारतो. जो पाणी देतो त्यानंच आबांचा ठसा पात्यावर मारायचा, अशी आपली रीत. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं हत्यारं बंद झाली, आबा विळे-खुरपी करायचे, तवा त्यांनी एकदाबी ठसा मारला नाय. मंग आता पाण्याचा रंग साळूबाई वळखती, तर तो मी कसा मारू? पर बाईनं ठसा मारलेली तलवार वस्ताद घेतील का? तू मोठी हायेस, तू सांग. तुझ्या शब्दाबाहेर नाय.

कडूबा

औरंगपुरा
२१ मे

चि. सौ. साळूबाईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावानं आहे. बद्रीनाथकडून वाचून घे, कडूबाकडून नको. तो आपल्या सोयीचं वाचेल.

वस्तादांनी परवा पाचही तलवारी गुडघ्यावर वाकवून पाहिल्या. पाचही सरळ झाल्या. ठसा कुणी मारला ते त्यांनी न विचारताच मी सांगितलं. त्यांनी पाचही ठशांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, की एकीवर ठसा तिरका आहे, ती मी स्वतःसाठी ठेवतो.

मी पाचोडला आले त्या दिवशी तू तीनदा हात धुतलेस आणि तरी ठसा घेईनास. तेव्हा कडूबानं तो तुझ्या मुठीत दाबला आणि तोंड फिरवलं. धूर डोळ्यात गेला म्हणाला. भट्टी पेटलेली नव्हती.

कागद हरवतात, म्हणून त्या दिवशीची नोंद पुन्हा उतरवून पाठवते. जपून ठेव. येत जा, मी बोलावत नाही म्हणून थांबू नकोस.

तुझी
अनसूया

नोंद. पाचोड, १६ मे १९८३. आबांचा पोलादी ठसा, नग एक. पाणी देण्याची लांब सांडशी, नग एक. पाणी दिलेल्या तलवारी पाच, वस्तादांकडे पोचवण्यासाठी अनसूयेकडे. देणार: कडूबा, सही. घेणार: साळूबाई, अंगठा, शाई नव्हती, काजळी लावली. समक्ष: अनसूया.