बोटांची टोकं

प्रिय ताई,

फोन केला असता तर तिचं नाव निघताच तू गॅसवर दूध असल्याचं सांगून ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. काल मी तिच्या कार्यक्रमाला गेले होते. हो, तिच्याच. नाक मुरडू नकोस. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना ऐनवेळी जमेना, त्यांनी तिकीट माझ्या हातात कोंबलं आणि मी तुझा निळा स्वेटर चढवून गेले. तो माझ्याकडेच आहे, शोधत बसू नकोस.

वाजवते सुरेख, ते कबूल करावंच लागेल. पण सुरुवात करण्याआधी ती व्हायोलिन हनुवटीखाली धरते आणि क्षणभर डावीकडे बघते. तिथे कुणीच नसतं. शेजारच्या काकू कुजबुजल्या, की ती मनातल्या मनात प्रार्थना करते. मला हसू आवरेना. अगं, तुम्ही जोडीने वाजवायचात तेव्हा तू तिच्या डावीकडे उभी राहायचीस, आणि तू श्वास घेतलास की मगच दोघींचे गज तारांवर पडायचे. त्या स्पर्धेत तिची एकटीची निवड झाली, तू तिच्याशी बोलणं टाकलंस, आणि ही बया एवढी नावारूपाला येऊनही अजून तुझ्या श्वासासाठी थांबतेय. हसता हसता मला एकदम भरून आलं.

मग राहवेना. कार्यक्रम संपल्यावर सरळ रंगमंचामागच्या खोलीत गेले. बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन ती केळं खात बसली होती. एवढी मोठी कलावंत, आणि मोज्याला भोक! चष्मा काढून ठेवलेला. मला बघताच केळं तसंच टाकून उठली आणि गळ्यात पडली, तुझं नाव घेत. वय वाढलं तशी मी तुझ्यासारखीच दिसायला लागलेय, असं सगळे म्हणतातच. मी तोंड उघडायच्या आत तिने माझा डावा हात धरला, बोटांची टोकं चाचपली आणि रडायलाच लागली. बोटं मऊ पडली, तारांचे घट्टे गेले, तू वाजवणं सोडलंस, माझ्यामुळे सोडलंस, असं काहीबाही बोलत राहिली. मी धाकटी आहे गं, असं दोन-तीनदा सांगितलं तेव्हा कुठे चष्मा लावला. मग दोघी पोट धरून हसलो, तरी तिचे डोळे वाहतच होते. शेवटी तिने दबकत विचारलं, की ताई वाजवते का अजून.

तू आम्हा सगळ्यांना सांगत आलीस, की व्हायोलिन माळ्यावर धूळ खात पडलंय. पण गेल्या महिन्यात मी तापाने फणफणले होते तेव्हा तू उशाशी बसून माझ्या कपाळावरून हात फिरवत होतीस. तुझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं खरखरीत लागत होती, ताई. भांडी घासून फक्त एकाच हाताची टोकं अशी होत नाहीत. तेव्हा मी गप्प बसले. काल नाही बसले. तिला म्हटलं, वाजवते, दार लावून वाजवते. येत्या रविवारी दुपारी ती व्हायोलिन घेऊन तुझ्याकडे येतेय. तुला न विचारता मी हो म्हटलंय. माझ्यावर हवं तेवढं चिड, महिनाभर बोलू नकोस, पण तिला दार उघड. तीही तुझ्याइतकीच घाबरलीय.

तुझीच आगाऊ,
धाकटी