कागदावरचं पाऊल

प्रिय कावेरीआत्या,

मागच्या पत्रात तुझ्यावरची कथा सांगताना माझी एक चूक झाली. १९७८ साली लग्नासाठी तू स्वतः चिकपेटेच्या बाजारात जाऊन लाल चपला निवडल्या होत्यास, असं मी लिहिलं. खात्री करावी म्हणून तिथल्या जुन्या चपलांच्या दुकानात गेले, तर म्हातारे दुकानदार नागराजअण्णा हसले. "तुझी आत्या इथे कधी आलीच नाही. तुझे आजोबा तिच्या पायाचा आकार कागदावर काढून आणायचे. मी विचारायचो, स्वामी, घरात मुली आहेत की नुसते पाय?"

मीही हसले. घरी आले तर अप्पांनी, तुझ्या भावानं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. "संपदा, पाय ठेव. साखरपुड्याच्या चपला आणतो." मुलगाही त्यांनी असाच परस्पर ठरवलाय. मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. तरी मी पाय ठेवला, आणि पेन्सिल फिरेपर्यंत हललेसुद्धा नाही.

तुझ्या लग्नाच्या वेळी तू काही बोलली होतीस का? हे कथेसाठी नाही, मलाच हवंय. पण तुझा पत्ता अप्पांच्या डायरीत आहे, आणि मागितला तर कशाला ते सांगावं लागेल. म्हणून हेही पत्र माझ्याजवळच राहील.

साखरपुडा रविवारी आहे. शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला, अप्पा ऑफिसातून आले की मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे.

तुझी न पाहिलेली भाची,
संपदा