सुलटे कपडे

सोमवार, ३ तारीख

आज लेकीकडे राहायला आले. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येतात. त्यामुळे घरात लेक, चार वर्षांची नात आणि आता मी. नात एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. पाळणाघर बंद, आता मला आजी सांभाळणार, हे तिनं जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगितलं. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दारात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. आज होतं.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी नाही आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला मनाई. म्हणून लेकीनं कपडे वाळवायचं यंत्र घेतलंय. एक उभा दांडा, त्याला छत्रीसारख्या काड्या, वरून चेन असलेली कापडी खोळ, खाली गरम हवेचा पंखा. चालू केलं की खोळ टम्म फुगते. भिंगरी त्याला फुगोबा म्हणते.

ही वही लेकीनं दिली. म्हणाली, दिवसभर बोलायला मोठं माणूस कुणी नसतं, तर लिहीत जा. मी शाळेत गेले नाही. हे शिंपीकाम करायचे. कापड बेतायला रद्दी आणायचे, ती चाळता चाळता मी अक्षरं जुळवली.

मंगळवार, ४

फुगोबा म्हणजे नुसतं फुगणं. दोन तास घरघरला तरी मोजे ओलेच. दोरीवर उन्हात अर्ध्या तासाचं काम. लेक म्हणते, आई, दाटी करू नकोस, आत हवा खेळू दे. हवा खेळते आणि मी राबते.

आणखी एक. मी कपडा उलटा करून वाळत घालते. म्हणजे शिवणी आधी वाळतात आणि रंगही टिकतो. चेन उघडली तर भिंगरीचा शर्ट सुलटा. माझीच चूक असेल.

शुक्रवार, ७

माझी चूक नाही. आज एकेक कपडा तपासून उलटा घातला. सगळे सुलटे निघाले, वर बटणं लावलेली. भिंगरीच्या शर्टाला काखेत घामाची रेघ, कोपराशी कापड सैल पडलेलं. धुतलेला कपडा वापरलेला बाहेर येतो आणि मी तो पुन्हा धुते. हे कसलं यंत्र, ही तर वाढीव सासू.

लेकीला सांगितलं. कामातून डोकं वर न काढता म्हणाली, तूच घातले असशील आणि विसरली असशील. भिंगरीला विचारलं, तर म्हणे मला काय विचारतेस, फुगोबाला विचार.

सोमवार, १०

भिंगरीचे कपडे आता कोरडे, स्वच्छ, उलटे निघतात. वापरले जातात ते लेकीचे. मी टेप लावली. कुर्त्याची बाही परवा अठरा इंच होती, आज एकोणीस. आत जे कोण आहे त्याला पोरीचं माप पुरेनासं झालंय.

क्षणभर वाटलं, हे असतील. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मग खांदा मोजला. यांचं माप माझ्या बोटांत आहे. हे यांचं नाही.

प्लग काढून ठेवला. लेक दमून आली आणि कावली. ओल्या कपड्यांनी कामावर जाऊ का मी, म्हणाली. घर तिचं. प्लग परत लावला.

बुधवार, १२

आज माझी निळी साडी. घडी करून आत टाकली होती, निऱ्या घातलेली निघाली. निऱ्या उलट्या तोंडाच्या, एक लहान एक मोठी, पदराच्या चुण्या उजव्या खांद्याच्या. माझा असा संताप झाला की भ्यायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांचं वेडंवाकडं उसवून नीट करण्यात जन्म गेला, हात थांबेनात. निऱ्या मोडल्या, नव्या घातल्या, पदर कसा घ्यायचा तेही करून दाखवलं. आणि खोळीकडे बघून बोलले, अगं, अशी नेसतात, तुला कुणी शिकवलं नाही का.

पंखा बंद होता. तरी खोळीचं टोक खाली झुकलं आणि वर आलं. हो म्हटल्यासारखं.

शनिवार, १५

निऱ्या बरोबर. सहा, शेवटची जरा रुंद. माझ्या असतात तशाच. मी हे काय शिकवून बसले.

लेकीला सगळं सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला. रागावली असती तर परवडलं असतं. बुधवारी डॉक्टर, भिंगरी पुन्हा पाळणाघरात, आणि मला धाकट्या दिरांकडे पोचवणार. म्हणाली, तुझ्या भरवशावर पोर कशी ठेवू, तूच सांग आई.

काय सांगू. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

सोमवार, १७

दुपारी भिंगरी खोळीला टेकून बसलेली. गोष्ट ऐकतेय म्हणाली. कुणाची, म्हटलं. तुझीच की, म्हणाली.

मी तेव्हा ओट्याशी होते.

भंगारवाल्याला सांगितलंय, उद्या ये आणि घेऊन जा. लेकीला विचारलं नाही.

मंगळवार, १८

भंगारवाला येऊन गेला म्हणे. शेजारीण सांगत होती, तुम्हीच तर त्याला दारातून परत पाठवलंत.

मी दार उघडलंच नव्हतं.

संध्याकाळ

खोळीची चेन उघडी. आत नुसत्या काड्या. निळी साडी नाही —

बाथरूममध्ये शोधायला आले. बाहेरून कडी लागली. इथलं धुण्याचं मशीन सुरू आहे, मी लावलं नव्हतं. वही कमरेला होती म्हणून —

लेक आली. आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली. माझ्या आधी कुणीतरी —

हसतायत. लेक म्हणतेय, किती दिवसांनी अशी बोललीस — मग डॉक्टर नको — काकांना कळवते, आई कुठे जात नाही, इथंच राहणार —

दार वाजवतेय. मशीनच्या आवाजात —

भिंगरीला ऐकू आलं. विचारतेय, आजी, आत कोण आहे. आणि ती सांगतेय, माझाच आवाज, जरा कोरडा — कुणी नाही गं सोन्या, धुणं फिरतंय, थांबलं की मीच घालते वाळ