डंपर, कोरफड आणि मोरीच्या खिडकीतला कप

मी, काकासाहेब भिकाजी वाळुंज, वय ७३, धंदा पूर्वी नागापूर एमआयडीसीत फिटर, हल्ली फुकट सल्ला, राहणार देवळाली प्रवरा, ता. राहुरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शहाणा असल्याचा दाखला कोणी देत नाही.

१. माझे गेल्या वर्षीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझा कुत्रा डंपर शेजारी गोरक्ष याला दिला होता. कारण लिहिले होते : "सून निकिता घरात विषारी झाडे आणते." हे वाक्य कोणी वाचले असल्यास विसरावे.

२. स्वकष्टाने बांधलेले राहते घर आणि पतसंस्थेतली ठेव मुलगा रविराज व निकिता यांना समान मिळावी. पान्यांची पेटी एकट्या रविराजला. तो बल्ब बदलायलाही माणूस बोलावतो. पेटी उचलून निदान व्यायाम होईल.

३. आता डंपर. मिळेल ते गिळतो म्हणून हे नाव. दोन वर्षांपूर्वी निकिताने ऑनलाइन एक रोप मागवले, हॉवर्थिया. बोटभर उंचीचे, पांढऱ्या पट्ट्यांचे, थेट कोरफडीचे पिल्लू. त्याच महिन्यात डंपर ओकू लागला. मी पडलो फिटर. बिघाड नव्या पार्टातच असतो, हे मला पाठ.

"मामा, हे कुत्र्याला बाधत नाही. मी बघूनच आणलंय."

"कुठं? मोबाइलात?" असे म्हणून मी रोप कुंडीसकट उकिरड्यावर टाकले.

त्याच महिन्यात मी डंपरच्या भाकरीत कोरफडही घालू लागलो होतो. गोरक्ष म्हणाला होता, "काका, केस लई चमकत्यात. मानसाला चालती, कुत्र्याला काय हुतंय?" कोरफड आमच्या दारातल्या बादलीतली, घरची; तिच्यावर कोण संशय घेणार? रोप गेले तरी ओकाऱ्या वाढल्या; रोपाचे विष उतरावे म्हणून मी कोरफड वाढवली.

या मार्चमध्ये छातीच्या दुखण्याने मी नगरला आठ दिवस दवाखान्यात होतो. ते आठ दिवस डंपर ठणठणीत. मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी त्याला उभे राहवेना. निकिताने त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टर पंकजाताईंकडे नेले. मी मागोमाग. खायला काय घालता, असे त्यांनी विचारले. मी अभिमानाने सांगितले.

"काका, कोरफड कुत्र्याला विषारी. हॉवर्थियाने काही होत नाही. अजून आठवडाभर घातली असती तर हा राहिला नसता."

निकिता शेजारीच उभी होती. एक शब्द बोलली नाही. एवढा जबर टोमणा मला आयुष्यात कोणी मारलेला नाही.

४. डंपर निकिताचा. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही, गोरक्षचा तर नाहीच.

५. कोरफड बादलीसकट गोरक्षला द्यावी. रोज सकाळी त्याने स्वतः खावी. केस चमकतात.

६. निकिताने उकिरड्यावरून रोपाचा एक फुटवा उचलून मोरीच्या खिडकीत, कान तुटलेल्या कपात लपवून वाढवला आहे. परवा मी तो पाहिला. तो पुढच्या ओट्यावर, डंपरच्या पोत्याशेजारी ठेवावा. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर. हे मात्र आजपासून लागू. तोंडाने सांगणे मला जमायचे नाही. म्हणून या कागदाची एक प्रत पाकिटात न घालता त्याच कपाखाली ठेवत आहे.

देवळाली प्रवरा, १२ एप्रिल २०२५
सही : का. भि. वाळुंज

साक्षीदार :
१. डॉ. पंकजा अंगद शेळके
२. गोरक्ष बजरंग थोरात (कलम ५ वाचायला दिलेले नाही)