दहाव्याला दिलेली इटली

मिसिसागा,
१४ जून २०२५

चि. हेमचंद्रभावोजी यांस,
प्रमिलाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. यंदा थंडी लांबली, पण अंगणातला लायलॅक उशिरा का होईना फुलला. सलोनी, जावईबापू शंतनु आणि रुचा बर्नाबीला मजेत आहेत. रुचा दहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच बरा आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

मे महिन्यात तुम्ही आणि उल्काने बरेच फोन केलेत, मी एकही उचलला नाही. बेसमेंटमध्ये होते, ग्रोसरीला गेले होते, असं काहीबाही मेसेज करून कळवत राहिले. ते खरं नव्हतं. आज मुद्दाम हाताने लिहून पोस्टाने पाठवते आहे. फोनवर तुम्ही मध्येच रडायला लागता आणि माझं बोलणं राहून जातं. पत्र तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

मार्चमध्ये उल्काने सांगितलं की तुमच्या डेकच्या कठड्यावर रोज सकाळी एक कावळा येऊन बसतो. तुम्ही म्हणे डेकवर जाणं सोडलंय, पडदा लावून चहा घेता. त्यात ऑक्टोबरात बायपास ठरलेलं. मग तुमचाच फोन आला. "वहिनी, सप्टेंबरात इटलीला चला. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, सगळं दाखवतो. ऑपरेशनच्या आधी मला त्या शब्दातून सुटायचंय. आमचे गुरुजी म्हणाले, शब्द पुरा केल्याशिवाय तो कावळा जायचा नाही."

मी म्हटलं, "बघू." तुम्ही त्याचा अर्थ होकार असा घेतलात आणि तिकिटं काढून मोकळे झालात.

त्या शब्दाचं तुम्हाला सगळं आठवत असेलच. तरी माझ्या बाजूने लिहिते. फेब्रुवारीचा महिना, तळ्याकाठचं पार्क, अंगात वारा घुसतोय. इंडियन स्टोअरमधून आणलेलं केळीचं पान बर्फावर अंथरलेलं, चार बाजूंनी दगड ठेवलेले, वर राजनच्या दहाव्याचे पिंड. एक सीगल झेपावला तेव्हा गुरुजी ओरडले, "हाकला, हाकला, तो चालत नाही!" कावळा होता, पण दिव्याच्या खांबावर. खाली उतरायला तयार नाही. सलोनी हात जोडून म्हणाली, "बाबा, आईची काळजी करू नका, मी आहे." नाही उतरला. कुणी काही, कुणी काही कबूल केलं. नाही उतरला. मग तुम्ही हातमोजे काढून पुढे झालात. "दादा, तुझी इटली राहिली. मी वहिनींना आणि सलोनीला स्वतः नेऊन दाखवीन, शब्द देतो." आणि कावळा आला, पिंडाला शिवला. सगळे रडले. मीही रडले.

भावोजी, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. कावळ्यावर माझा विश्वास नाही. मी तुमच्यावर ठेवला होता.

आणि ती इटली का राहिली, हे त्या बर्फात उभ्या असलेल्यांपैकी फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. आदल्या वर्षीच्या जूनची आमची बुकिंगं झाली होती. राजनने जन्मभर गोदामांची सपाट छपरं डिझाइन केली, पण जेवताना बोलायचा ते घुमटांबद्दल. आमटीची वाटी पालथी घालून मला रोमचा घुमट समजावायचा. त्याच आठवड्यात तुम्ही तनयचं लग्न धरलंत, विंडसरचा हॉल मिळतोय म्हणून. आम्ही तारखेबद्दल विचारलं तर तुम्ही म्हणालात, "सख्खा काका नसेल तर लग्न कसलं? इटली कुठे पळून जातेय?" राजनने एका शब्दाने वाद घातला नाही. बुकिंगं रद्द केली, लग्नात भांगडासुद्धा केला. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

म्हणून तुमचा तो शब्द मला हवा होता. मी वाट पाहिली. पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात फॅमिली ग्रुपवर फोटो आले. तुम्ही, उल्का, तनय, सूनबाई, सगळे फ्लोरेन्सच्या घुमटासमोर, हातात आइस्क्रीमचे कोन. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'मिसिंग दादा सो मच.' मी त्याला अंगठा दिला. दुसरं काय देणार? उल्काने नंतर फोनवर सांगितलं, "अहो वहिनी, एकदम लास्ट मिनिट ठरलं, शिवाय तुमचा गुडघा." माझ्या गुडघ्याला कोणी विचारलं नव्हतं.

तर आता मे महिन्याचं सांगते. तुमचा मार्चचा फोन ठेवला आणि लगेच सलोनीला लावला. म्हटलं, "मला इटलीला ने. मे महिन्यात. काकाला कळवायचं नाही." ती गडबडली, पण शंतनुने रजा काढली आणि आम्ही चौघं जाऊन आलो.

रोमच्या त्या जुन्या घुमटाच्या देवळात शिरताना मी दारातच चपला काढल्या. हात आपोआप गेला, एवढे उंच खांब आणि आत गार दगड. पहारेकरी "नो, नो, सिन्योरा" करत धावला. रुचा लाजून लाल. "आजी, इट्स नॉट अ मंदिर! पुट देम बॅक ऑन, एव्हरीवन इज लुकिंग!" मी घातल्या. मग मान वर केली. घुमटाला मधोमध मोठं गोल भोक आहे आणि त्यातून ऊन आत पडतं. सबंध घुमटात लोखंडाची एक सळई नाही, राजन सांगायचा तसंच. त्या क्षणी तुमची आठवण अजिबात झाली नाही. बाकी सगळीकडे तुम्ही मनात होतात, एवढं एकच ठिकाण तुमच्या वाट्याला आलं नाही.

फ्लोरेन्सच्या घुमटावर तुम्ही चढला नव्हतात, खालूनच फोटो काढलेत. मी चढले. दोन भिंतींच्या मधून अरुंद जिना जातो, एकदा शिरलं की मागे फिरता येत नाही. प्रत्येक वळणावर मी मनात तुमचं नाव घेत होते. राग असला की गुडघे दुखत नाहीत, हे मला तिथे कळलं. वाटेत घुमटाच्या आतल्या बाजूला नरक रंगवलाय, तो अगदी जवळून दिसतो. राक्षस लोकांना टोचताहेत, भाजताहेत. मी तिथे रेंगाळले. तुमच्यासारखं कोणी दिसतंय का पाहत होते. एक जण बराच मिळताजुळता होता, फक्त चष्मा नव्हता.

व्हेनिसला बोटीत रुचाने विचारलं, "आजी, आर यू हॅविंग फन ऑर आर यू मॅड?" मी म्हटलं, "दोन्ही." सलोनी बाजूलाच होती. ती म्हणाली, "आई, काकाची सर्जरी आहे. जस्ट लेट इट गो ना. एक फोन कर, सांग त्याला सोडलं म्हणून. बाबांनीही तेच केलं असतं."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी तेच केलं. बुकिंगं रद्द केली आणि लग्नात नाचले. म्हणून तर ते इथे नाहीत."

व्हेनिस फार सुंदर आहे, भावोजी. तुम्ही पाहिलंच आहे म्हणा.

परत आले तर उल्काचा मेसेज होता. गुरुजी आता म्हणताहेत, प्रवास नाही जमला तरी चालेल, वहिनींनी नुसतं तोंडाने 'तुम्हाला शब्दातून मोकळं केलं' म्हटलं तरी पुरे. मी ते म्हणणार नाही. तोंडाने नाही, या पत्रातही नाही.

आणि सप्टेंबरातलं माझ्या नावाचं तिकीट रद्द करा. मी इटली पाहून आले. पाहिलेली इटली तुम्ही मला कशी दाखवणार? हे मी नीट विचार करून केलं. राजनसाठी गेले असं सगळ्यांना सांगते, सलोनीलाही तसंच वाटतं. पण तुम्हाला खरं सांगते. मी गेले ते तुमचा शब्द तुम्हाला कधीच पुरा करता येऊ नये म्हणून.

ऑपरेशनची काळजी करू नका. हल्ली बायपासचं काही वाटत नाही, माणसं आठवड्यात हिंडूफिरू लागतात. पथ्य पाळा, उल्काचं ऐका, औषधं चुकवू नका. तुम्ही यातून खडखडीत बरे व्हावं अशी माझी अगदी मनापासून इच्छा आहे. पुष्कळ जगा, भावोजी. नव्वदी गाठा, शंभरी गाठा. राजनसारखी लवकर सुटका तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मी मागते.

राजनची बायको,
प्रमिला